भिंतीत गेलेले धुरे

गेल्या वर्षी मे महिन्यात, तलाव तळाला गेला असताना, आमच्या गावाने तलावाच्या पात्रातले धुऱ्याचे दगड उपटले, ट्रॅक्टरने काठावर आणले आणि सिमेंटच्या भिंतीत बसवले. दगड कोणी चोरले नाहीत. ज्याने त्याने आपले दगड आपल्या हाताने काढून दिले. आमच्याकडे ट्रॉली अजून का आली नाही, अशी तक्रार घेऊन काही जण सरपंचाच्या घरीही गेले होते.

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तलावाच्या पोटात शेते कशी आणि बांध कसले, हे कळायला गावाची जागा आधी कळली पाहिजे.

गाव अमरावती आणि अकोला यांच्या मध्ये, हमरस्ता सोडून दक्षिणेला बरेच आत आहे. दोन्हीकडे जायला एसटीने जवळपास सारखाच वेळ लागतो, म्हणून लग्नाची खरेदी अमरावतीला करावी की अकोल्याला यावर घराघरांत वाद होतात. याहून मोठा वाद गावात सहसा होत नाही. तीन बाजूंना उघडी टेकाडे, चौथीला धरणाची मातीची भिंत आणि मध्ये तलाव. तलावाच्या तळाशी जुने गाव आहे. धरण झाले तेव्हा माणसे टेकाडावर आली आणि काळी जमीन खाली राहिली. वरची जमीन मुरमाड आहे. तिच्यात बाभूळ येते आणि घराचा पाया पक्का लागतो.

पुनर्वसनाचे प्लॉट पाडताना कोणाला कोणाच्या शेजारी राहायचे आहे ते विचारले गेले होते, असे वडील सांगत. जुन्या गावात ज्यांची सांडपाण्यावरून भांडणे चालू होती, त्यांनी एकमेकांशेजारचेच प्लॉट मागून घेतले. भांडणे अर्धवट सोडून जाणे कोणाला पटले नाही.

घरांची तोंडे रस्त्याकडे आहेत आणि पाठ तलावाकडे. हिवाळ्यात पाण्यावरून गार वारा येतो, उन्हाळ्यात गाळाचा वास येतो, अशी कारणे सांगितली जातात. खरे कारण असे की रस्त्याकडे तोंड करून बसले की कोण आले, कोण गेले, कोणाच्या पिशवीत काय होते, हे दिसते. तलावाकडे पाहून असे काही कळत नाही. त्यामुळे तलावाची बाजू ही गावाची परसबाजू आहे. उकिरडे तिकडे, फुटके टायर तिकडे, म्हशी तिकडे. ट्रॅक्टर धुवायलाही तिकडेच नेतात. एवढे पाणी समोर असून नळाला ते रोज येत नाही, कारण टाकीची मोटर जळलेली असते. ती दुरुस्त होते आणि पुन्हा जळते. तलावाचे पाणी कालव्याने खालच्या गावांना जाते. खालच्या गावांचे लोक आम्हाला नशीबवान समजतात.

गावात पोहता येणारा माणूस मला माहीत नाही. गणपती बुडवायला पलीकडच्या गावातले मासेमार बोलवावे लागतात. मासोळी कोणी खात नाही, असे सगळे सांगतात. मासेमाराची मोटारसायकल शनिवार सोडून रोज सकाळी गावात येते आणि रिकामी टोपली घेऊन परत जाते. थंडीत बाहेरदेशची बदके उतरतात. ती पाहायला अमरावतीहून दुर्बिणी घेऊन माणसे येतात. त्यांना गावातली पोरे विचारतात, "एवढ्या दुरून आले, अन् मारत नाई का?"

पाणी ओसरू लागले की मात्र गाव तलावाकडे वळते. दिवाळीनंतर कालवे सुटतात, तलाव आकसत जातो आणि काठाची जमीन पट्ट्यापट्ट्याने उघडी पडते. तिच्यावर नवा गाळ असतो. नांगरावे लागत नाही, पाणी द्यावे लागत नाही, ओलीवरच पीक येते. याला गाळपेर म्हणतात. वरच्या पट्ट्यात हरभरा आणि गहू होतो. खालचा पट्टा जानेवारी-फेब्रुवारीत उघडतो. त्यात टरबूज आणि काकडी लावतात. सरकारी कागदावर ही जमीन पाटबंधारे खात्याची आहे आणि ती दरवर्षी अर्ज करून घ्यायची असते. अर्ज होतात. पण प्रत्यक्षात ज्याची त्याची जुनी शेतेच ज्याने त्याने पेरायची, अशी गावाची वहिवाट होती. धरणाच्या वेळी मोबदला घेऊन झाला होता, सातबारा बंद झाला होता, तरी पाण्यातून धुऱ्याचा दगड वर आला की मालक जाऊन त्याच्याशेजारी तुराटी रोवायचा. तुरीचे ते वाळलेले झाड उभे दिसले की बाकीचे तिकडे पाय ठेवत नसत. या एका बाबतीत गाव शहाण्यासारखे वागत आले होते.

माझ्या थोरल्या काकांची बायको, आम्ही तिला मोठी माय म्हणतो, जुन्या विहिरीजवळचा पट्टा पेरत असे. जुन्या गावातले ते त्यांचे सर्वांत चांगले शेत. ते सर्वांत खोल असल्याने सर्वांत शेवटी उघडे पडायचे. काका गेल्यानंतरही तिने ते सोडले नाही. पुनर्वसनात मिळालेले वरचे शेत मुलाने बटईने, म्हणजे वाट्याने, दुसऱ्याला कसायला देऊन टाकले होते, त्यामुळे तिच्या हातात एवढेच होते. मुलगा अमरावतीत नोकरीला आहे आणि तिसऱ्या मजल्यावर राहतो. आईने आपल्याकडे यावे, असे तो दर दिवाळीला म्हणत असे. मी वर्तमानपत्रात काम करतो आणि सुटीला गावी जातो; एका दिवाळीला हे बोलणे झाले तेव्हा मी ओट्यावरच बसलो होतो.

"माय, पुरे झालं आता. चाल अमरावतीले."

"तठी काय करू? गॅलरीत उभी राहू?"

"अन् अठी काय करतं?"

"पेरून राहिली न मी. ज्या साली माहं पेरणं झालं नाई, त्या साली ने मले. तवर हा विषय नको काढू."

"पक्कं?"

"हा बसला न पेपरवाला. इचार त्याले, आयकलं का नाई ते."

मी ऐकले असे सांगितले. त्यानंतर मुलाने विषय काढला नाही. दर होळीला फोनवर तो एवढेच विचारायचा, "लावलं का टरबूज?" ती म्हणायची, "लावलं." पुढे दोघेही दुसरे काही बोलायचे.

गावाच्या सरपंच बाई आहेत. सरपंचकी त्यांचा नवरा करतो. गेल्या वर्षी थंडीत तो कुटुंबासह चिखलदऱ्याला आणि सेमाडोहला जाऊन आला. वाघ दिसला नाही. पण एका वळणावर मोठी लाल अक्षरे उभी केलेली होती आणि माणसे रांग लावून तिथे फोटो काढत होती, ते त्याने पाहिले. परत आल्यावर त्याने ग्रामपंचायतीत सभा बोलावली. माईक हातात असला की तो पुस्तकी मराठी बोलतो.

"मंडळी, आपल्याकडे काय कमी आहे? पाणी आहे, सूर्यास्त आहे. फक्त पॉइंट नाही. पॉइंट असेल तर पर्यटक येईल."

मागून कोणीतरी म्हणाले, "पर्यटक आला तं बसन कुठी? उकिरड्यावर?"

"थो हटवू न बे," माईक बाजूला करून तो म्हणाला, आणि माईक परत तोंडाशी धरून, "परिसर स्वच्छ करण्यात येईल."

गावाच्या नावाची तशीच लाल अक्षरे तलावाच्या काठावर उभी करायचे ठरले आणि त्यांच्यामागे कमरेएवढी भिंत हवी होती. निवृत्त गुरुजी पहिल्या रांगेत बसले होते. गावात काही ठरवायचे असले की त्यांना पहिल्या रांगेत बसवतात. त्यांनी सुचवले की भिंत विटांची नको, बुडालेल्या शेतांच्या धुऱ्यांचे दगड आणून त्यांची करावी. प्रत्येक घराण्याचा दगड, दगडावर घराण्याचे नाव. वारसा हा शब्द त्यांनी त्या भाषणात इतक्या वेळा वापरला की सभा संपताना तो सरपंचाच्या नवऱ्याच्या तोंडी बसला होता. भिंतीचे नाव वारसा भिंत ठरले. टाळ्या झाल्या.

दगड काढले तर पुढच्या वर्षी कोणाचा पट्टा कोणता हे कसे कळणार, हा प्रश्न सभेत आलाच नाही असे नाही. एका म्हाताऱ्याने तो विचारला. त्याला लोक हसले. "तुमाले तुमचं वावर माहीत नाई का, बुवा?" त्यावर म्हातारा खाली बसला, कारण आपले शेत आपल्याला माहीत नाही असे वऱ्हाडात कोणी चारचौघांत म्हणत नाही. पुढच्या काही दिवसांत मी ज्यांना ज्यांना विचारले, त्या सगळ्यांनी एकच उत्तर दिले. दगड दुसऱ्यांसाठी असतो; आपल्याला आपली जागा दगडावाचूनही दाखवता येते. एका गावातल्या सगळ्या माणसांचे एका गोष्टीवर एकमत झालेले मी तेव्हा प्रथम पाहिले.

काम सुरू झाले आणि चढाओढ लागली. मोठ्या घरांचे दगड आधी आले. ज्यांचे आले नव्हते ते अस्वस्थ झाले. ज्यांच्या जुन्या शेताला दगडच नव्हते, नुसता मातीचा धुरा होता, त्यांनी टेकाडावरून काळे दगड आणून खाली पात्रात टाकले आणि दुसऱ्या दिवशी ते ट्रॉलीत भरून वर पाठवले. हे सगळ्यांना दिसत होते.

मोठ्या मायच्या पट्ट्याला लागून आमच्याच भावकीतल्या एका माणसाचा पट्टा आहे. त्याला दोन मोठे मुलगे आहेत आणि एक ट्रॅक्टर. दोघांच्या मधला दगड वर्षानुवर्षे कधी वीतभर इकडे, कधी वीतभर तिकडे सरकत असे. तो कोण सरकवतो, हे विचारले की तो गाळाने सरकतो असे दोघेही सांगत. त्या माणसाने त्याच्या बाकीच्या तिन्ही बाजूंचे दगड पाठवले, ही बातमी मोठ्या मायला लागली. मी त्या रविवारी गावात होतो.

"बापू, त्या ट्रॅक्टरवाल्याले फोन लाव."

"मोठे माय, दगड गेला तं मंग धुरा कसा सापडन?"

"मले आंधारात दाखवता येते माही जागा. त्याचं नाव भिंतीत अन् माहं पाण्यात? लाव फोन."

ट्रॅक्टर आला. मधला दगडही निघाला. तो कोणाचा, यावर ट्रॉलीजवळ थोडी बाचाबाची झाली आणि शेवटी मोठ्या मायने तो आपल्या नावाने चढवला. शेजारी हसत होता. "ने माय, ने. तेवढी जागा मले सुटली."

दगडावर तिने काकांचे नाव सांगितले नाही, स्वतःचे सांगितले. गुरुजी म्हणाले, घराण्याच्या कर्त्या पुरुषाचे असते तर बरे दिसले असते. ती म्हणाली, "थो कर्ता होता तवा पेरलं त्यानं. आता मी पेरतो." नाव तिचेच लागले.

दगड काठावर एका ढिगात उतरवले गेले होते. तालुक्याहून आलेल्या पेंटरने नावे लिहिली. लांब नावाला रुंद दगड, आखूड नावाला अरुंद, असा त्याचा हिशोब होता. भिंत उभी राहिली तेव्हा कोणाचे नाव कोणाच्या दगडावर आले आहे, हे सांगता येण्याची सोय उरली नव्हती. मोठी माय ते पाहायला गेली.

"हा माहा दगड नोहे," ती पेंटरला म्हणाली. "माह्या दगडाले खाली कोपरा फुटेल होता."

"काकू, नाव तं तुमचंच हाय न?"

तिने नाव पाहिले. पांढऱ्या पट्टीवर लाल अक्षरात होते. ती त्याच्याखाली बसली आणि तिथल्या एका पोराला सांगून फोटो काढून घेतला.

उद्घाटनाला पाहुणा उशिरा आला. त्याने तलावाकडे पाठ करून अक्षरांसमोर फोटो काढला आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेला. त्याच्यामागे सगळ्या गावाने तसाच फोटो काढला. तलाव तेव्हा तळाला होता, त्यामुळे फोटोत सगळ्यांच्या मागे चिखल आणि म्हशी दिसतात. अक्षरांमधले दिवे पावसाळ्याआधीच अर्धे गेले. पर्यटक आले नाहीत. भिंतीजवळ संध्याकाळी गावातलीच माणसे बसू लागली. तोंड रस्त्याकडे करून.

पावसाळ्यात तलाव भरला. दिवाळीनंतर कालवे सुटले आणि पाणी ओसरू लागले.

पहिला पट्टा उघडला तेव्हा माणसे तुराट्यांच्या मोळ्या घेऊन खाली उतरली आणि तशीच उभी राहिली. समोर सपाट गाळ होता. इतक्या वर्षांत त्याच्याकडे दगडांशिवाय कोणी पाहिलेच नव्हते. दगड जागेवरून ओळखला जायचा आणि जागा दगडावरून. आता दगड भिंतीत होते, त्यांच्यावर भलतीच नावे होती, आणि जागा सगळीकडे सारखी दिसत होती. अंधारात जागा दाखवणाऱ्यांना ती भर दुपारी सापडेना. एकाने मारुतीच्या जुन्या ओट्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने निंबाचे खोड असायचे तिकडे. ओट्याची एक बाजू गाळात गेली होती. खोड दगडांबरोबरच कोणीतरी सरपणाला नेले होते.

पोरांनी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा काढला. नकाशात तिथे पाणी होते.

मग ज्याच्या घरी जास्त हात, त्याने जास्त पेरले. ज्याच्याकडे ट्रॅक्टर, त्याने आधी पेरले. रोज भांडणे झाली. एक-दोघांचे डोके फुटले आणि ते पाय घसरून पडल्याचे दवाखान्यात सांगितले गेले. गुरुजींनी समिती नेमायला लावली. समितीने ठरवले की पट्टे नव्याने पाडावे आणि ईश्वरचिठ्ठीने वाटावे. याला विरोध झाला. ज्याला वाईट पट्टा येईल त्याचे नुकसान होईल, हे विरोधाचे कारण नव्हते. दुसऱ्याला चांगला आला तर काय, हे होते. ते एकाने सभेत तसेच बोलून दाखवले आणि बरेच जण माना हलवत होते.

पाटबंधारे खात्याचा साहेब एकदा येऊन गेला. त्याला भिंतीजवळ खुर्ची दिली. सरपंचाच्या नवऱ्याने मोजणी करून धुरे परत आखून द्या, अशी मागणी केली.

"कोणाचे धुरे?" साहेबाने विचारले.

"आमचे जी. शेतकऱ्यांचे."

"इथे शेतकऱ्यांचे काही नाही. जमीन खात्याची आहे. तुमचे अर्ज आमच्याकडे आहेत, त्यात तुम्हीच तसे लिहून दिले आहे."

साहेबाने चहा घेतला. जाताना ड्रायव्हरने अक्षरांसमोर त्याचा फोटो काढला.

विहिरीजवळचा पट्टा फेब्रुवारीत उघडला. मोठी माय रोज सकाळी काठावर जाऊन पाणी कुठपर्यंत उतरले ते पाहत होती, हे मला फोनवर कळत होते. ज्या रविवारी ती खाली उतरली त्या रविवारी मी तिच्याबरोबर होतो. तिच्या डोक्यावर टोपली होती, टोपलीत बी, काखेत तुराट्या. आम्ही पोचलो तेव्हा भावकीतला शेजारी आणि त्याचे दोन्ही मुलगे आधीच तिथे होते. विहिरीपासून पाण्याच्या कडेपर्यंत त्यांनी टरबुजाची आळी करून टाकली होती. ओल्या गाळावर खड्ड्यांच्या रांगा दिसत होत्या.

"हे माह्या वावरात काय करून राहिला तू?"

"तुह्या वावरात? मी तं माह्या वावरात हावो, माय."

"धुरा कुठी हाय हे तुले माहीत नाई?"

"नाई बा. तूच दाखव. दगड दाखव."

"दगड भिंतीत हाय. तुह्यासमोर गेला."

"मंग भिंतीजवळ पेर."

त्याचे मुलगे हसले. पलीकडे दुसऱ्याच कोणाशी भांडत असलेली माणसेही थांबून हसली.

तिने टोपली खाली ठेवली आणि विहिरीच्या तोंडापासून चालायला सुरुवात केली. काका पावले टाकून धुरा दाखवायचे, ते तिने पाहिले होते. ती मोजत शेजाऱ्याच्या आळ्यांच्या मधोमध येऊन उभी राहिली. शेजाऱ्याचा मोठा मुलगा तेवढीच पावले टाकत गेला आणि तिच्यापासून बराच लांब, स्वतःच्या सोयीच्या ठिकाणी थांबला. ती परत विहिरीशी गेली आणि परत मोजत आली. या वेळी ती पहिल्या जागी आली नाही. तिने इकडे तिकडे पाहिले.

"अठीच कुठी तरी हाय," ती म्हणाली.

"कुठी तरी पेरता येते का, माय?" शेजारी म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

तिने माझ्याकडे पाहिले. मी त्या पट्ट्यावर लहानपणापासून टरबूज खायला जात होतो. धुरा कुठे होता, हे मलाही सांगता आले नाही. तिने तिथेच चार तुराट्या रोवल्या आणि आम्ही वर आलो. दुसऱ्या दिवशी तुराट्या नव्हत्या. त्या काढताना कोणाला कोणी पाहिले नाही. तिकडे म्हशी जातात, असे शेजाऱ्याने सांगितले. त्या आठवड्यात त्याच्या आळ्यांत बी पडले.

होळीच्या दिवशी मुलाचा फोन आला. मी तिच्या घरी होतो. फोन स्पीकरवर होता, कारण तो तसाच राहिला होता आणि तो कसा बंद करायचा हे तिला माहीत नव्हते.

"लावलं का टरबूज?"

"पोळी करून राहिली," ती म्हणाली. "मंग बोलतो." आणि फोन माझ्या हातात दिला.

होळीनंतर ग्रामपंचायतीत शेवटची सभा झाली. तोपर्यंत जवळजवळ सगळ्याच घरांचे काही ना काही गेले होते. ज्यांनी दुसऱ्याचे घेतले होते त्यांचेही दुसरीकडे गेले होते. भिंत फोडून दगड परत काढावेत आणि आठवेल तसे पात्रात लावावेत, जिथे वाद असेल तिथे दोघांनी मिळून लावावेत, अशी मागणी आली. ती वाजवी होती. सरपंचाचा नवरा आधी म्हणाला की भिंत सार्वजनिक मालमत्ता आहे. मग लोकांचा आवाज वाढल्यावर म्हणाला, "ठीक आहे. फोडू. पण सिमेंटचे काम आहे, दगड निघताना वरचे नाव फुटणार. तर आधी कोणाचा काढायचा, त्यांनी हात वर करावा."

कोणी हात वर केला नाही.

त्याने परत विचारले. माणसे एकमेकांकडे पाहत होती. शेवटी गुरुजी म्हणाले की विषय पुढच्या सभेत घ्यावा. पुढची सभा झाली नाही.

बायका मागच्या बाजूला बसल्या होत्या. मोठी माय त्यांच्यात होती. तिचेही दोन्ही हात मांडीवर होते. घरी परतताना मी तिला विचारले.

"मोठे माय, तू काहून नाई केला हात वर? तुले तं पेरायचं होतं न?"

ती काही पावले चालली.

"नाव फुटलं असतं न, बापू."

एप्रिलमध्ये मुलगा गाडी घेऊन आला. ठरलेले होते. तिने कपड्यांची एक पेटी घेतली आणि देव घेतले. बी राखेत कालवून डब्यात ठेवलेले होते, तो डबा तिने घराशेजारच्या बाईला दिला. गाडी निघताना तिने भिंतीवरून न्यायला सांगितले. गाडी तिथे थांबवली, पण ती उतरली नाही, काचेतून पाहिले. मग गाडी हमरस्त्याकडे गेली.

विहिरीजवळचे टरबूज मेमध्ये निघाले. शेजाऱ्याने त्यातली दोन तिच्या मुलाकडे अमरावतीला पाठवली. ती तिने खाल्ली की नाही, ते मी विचारले नाही.

गेल्या आठवड्यात तिचा मला फोन आला. तिसऱ्या मजल्यावर वारा चांगला येतो, लिफ्टची भीती वाटत नाही, सून बरी वागते, असे तिने सांगितले. मग म्हणाली, "गावाले जाशील तं भिंतीवर पाहून येजो. पाण्यानं पुसलं तं नाई माहं नाव?"

रविवारी मी जाऊन पाहिले. नाव आहे.